चौदा दिवसांचे दुकान

व्यापारात माल परत घेण्याची पद्धत जुनी आहे. सदोष निघालेला कापडाचा तागा, वजनात कमी भरलेले पोते, मुदत उलटलेली औषधे हे सारे परत येते आणि खातेवहीत त्याची रीतसर नोंद होते. परंतु दुकान मांडून चौदाच दिवस झालेले असताना मालकाने विकलेला प्रत्येक नग परत घ्यावा, प्रत्येक गिऱ्हाइकाचे पैसे पूर्ण फेडावेत आणि दाराला कुलूप लावावे, असे बँकेतील चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पाहण्यात कधी आले नाही. २०२४ साली तसे घडले. दुकानदार होती सोनी ही जगप्रसिद्ध कंपनी आणि माल होता ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा नेमबाजीचा एक व्हिडिओ गेम.

हा खेळ २३ ऑगस्टला विक्रीस आला. ३ सप्टेंबरला तो मागे घेत असल्याचे जाहीर झाले आणि ६ सप्टेंबरला तो बंद पडला. २९ ऑक्टोबरला तो घडविणारी फायरवॉक स्टुडिओज ही संस्थाच बंद करण्याचा निर्णय सोनीने जाहीर केला. या अवधीत त्या खेळावर टीका झाली आणि टीकेपेक्षा थट्टा अधिक झाली. ही सारी टीका त्याच्या वाट्याला न्यायाने आली काय, असा प्रश्न मला पडला. असले खेळ ही आमच्या पिढीची वस्तू नव्हे, हे खरे. तथापि ज्या मालावर आपल्या घरातील मुले रोजचे दोन-दोन तास खर्च करतात, त्याच्या बाजाराचे गणित वडीलधाऱ्यांनी समजून घेण्यात काही वावगे नाही. आणि व्यापारी घरातील वाचकांना हे गणित माझ्याहून लवकर उमगेल.

त्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे बेलव्ह्यू येथे होतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहरासमोर सरोवराच्या पलीकडे वसलेले हे नेटके शहर. फायरवॉकची कचेरी याच शहरात आहे, हे मला नातवाने सांगितले. सोळा वर्षांच्या या मुलाने स्वतःच्या बचतीतून ४० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ३,३५० रुपये देऊन ‘कॉन्कॉर्ड’ घेतला होता. दोन आठवड्यांतील सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि तो खेळ पाहिला.

खेळाची रचना सांगतो. पाच-पाच जणांचे दोन संघ समोरासमोर येतात. प्रत्येक जण आरंभी असलेल्या सोळा पात्रांतून एक पात्र निवडतो. ही पात्रे म्हणजे एका अंतराळयानावरील भाडोत्री साहसवीर. एक हिरव्या वर्णाचा परग्रहवासी दोन पिस्तुले घेऊन फिरतो, एक जण जखमी साथीदारांना बरे करतो, तर एक पात्र चक्क कचरा गोळा करणारा यंत्रमानव आहे. (नातवाला तोच सर्वाधिक प्रिय होता. मलाही.) प्रत्येकाचे हत्यार निराळे, चाल निराळी, कौशल्य निराळे. अशा खेळाला ‘हिरो शूटर’ म्हणतात आणि २०१६ साली आलेल्या ‘ओव्हरवॉच’मुळे हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला.

माल कसा होता? कोणत्याही कर्जप्रस्तावात हा पहिला प्रश्न असतो, आणि टीकाकारांच्या गदारोळात नेमका हाच मागे पडला. ज्यांनी खेळ प्रत्यक्ष खेळून परीक्षणे लिहिली, त्यांनी त्याला सर्वसाधारणपणे शंभरात साठीच्या आसपास गुण दिले. हे गुण नापासाचे नव्हेत. नेम धरण्यातील आणि बंदूक चालविण्यातील सफाई, चित्रांची प्रत, पात्रांच्या चेहऱ्यावरील बारकावे यांची अनेकांनी प्रशंसा केली. ते स्वाभाविकही होते. फायरवॉकमधील बरीच मंडळी ‘हेलो’ आणि ‘डेस्टिनी’ हे गाजलेले नेमबाजीचे खेळ करणाऱ्या बंजी या संस्थेतून आलेली होती. खेळाची गती संथ आहे, नवे असे फारसे काही नाही, ही परीक्षकांची तक्रार होती. मला स्वतःला पडद्यावरची धावपळ इतकी वेगवान वाटली की, तिला संथ म्हणणाऱ्यांच्या नजरेचे कौतुक वाटले. पण नातू म्हणाला, “आजोबा, परीक्षकांचं बरोबर आहे. खेळ चांगला आहे, पण मित्रांना ‘तुम्ही पण घ्या’ असं सांगायला माझ्याकडे कारण नाही.” सोळा वर्षांच्या मुलाने बाजारपेठेचे इतके अचूक निदान करावे याचे मला नवल वाटले.

टीकेचा सर्वांत मोठा मारा किमतीवर झाला. ‘ओव्हरवॉच’चा दुसरा अवतार, ‘व्हॅलोरंट’, ‘एपेक्स लेजेंड्स’ हे सारे प्रतिस्पर्धी फुकट मिळतात. मग ४० डॉलर कोण देणार, असा सवाल होता. वरकरणी तो बिनतोड आहे. परंतु फुकट या शब्दाचा अर्थ बँकेतील माणसाला लवकर कळतो. फुकट खेळ आपला खर्च पात्रांच्या पोशाखातून, हत्यारांच्या रंगातून, दर काही आठवड्यांनी विकल्या जाणाऱ्या पासमधून वसूल करतात. दुकानात शिरायला पैसे लागत नाहीत. आत गेल्यावर मात्र पावलोपावली गल्ला मांडलेला असतो, आणि त्या गल्ल्यावर बहुधा मुलांचेच हात पुढे येतात. ‘कॉन्कॉर्ड’ने याउलट एकदाच किंमत घेतली. सर्व पात्रे त्यातच होती, पुढे येणारी नवी पात्रे आणि नकाशेही त्याच किमतीत देण्याचे आश्वासन होते आणि पास नव्हता. माझ्या मुलीला हा व्यवहार अधिक पसंत होता. काय द्यायचे ते आरंभी कळते, महिन्याअखेर कार्डाचे बिल पाहून दचकावे लागत नाही, असे तिचे म्हणणे होते. कुटुंबप्रमुखाच्या दृष्टीने पाहता ज्या गोष्टीची सर्वाधिक टिंगल झाली, तीच या खेळातील सर्वांत सरळ गोष्ट होती.

शिवाय किमतीचा आक्षेप हिशेबातही टिकत नाही. त्याच सोनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘हेलडायव्हर्स २’ हा नेमबाजीचाच खेळ त्याच ४० डॉलरना विकला आणि बारा आठवड्यांत त्याचे १ कोटी २० लाख नग खपले. दुसरे असे की, ‘कॉन्कॉर्ड’ विक्रीपूर्वी जुलैमध्ये काही दिवस सर्वांना मोफत खुला केला होता. वाण्याने दाण्याचा नमुना तळहातावर द्यावा, तसाच हा प्रकार. त्या मोफत दिवसांतही ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या प्रचंड बाजारात एका वेळी जास्तीत जास्त २,३८८ लोक आले. विक्री सुरू झाल्यावर हाच आकडा ६९७ वर थांबला. दहा जणांचा एक सामना धरला, तर सबंध जगात त्या बाजारातून एका वेळी सत्तर सामनेही भरत नव्हते. नमुना फुकट देऊनही गिऱ्हाईक उंबऱ्यापर्यंत येत नसेल, तर दोष दराच्या पाटीचा नसतो.

मग दोष कशाचा? येथे मला माझ्या नोकरीतील एक अनुभव आठवतो. मराठवाड्यातील बाजारपेठेच्या एका गावी आमच्या बँकेने नवी शाखा काढली आणि तेथे मला पाठविले. गावात दोन बँका आधीपासून होत्या. आमचा काउंटर स्वच्छ, कर्मचारी तरुण आणि तत्पर, पासबुक त्याच दिवशी भरून मिळे. तरीही पहिले आठ महिने शाखेत माश्या मारण्याची वेळ होती. लोक आमच्याविषयी वाईट बोलत नसत. ते आमच्याविषयी बोलतच नसत. ज्याचे खाते तिकडे, लॉकर तिकडे, जामीनदार तिकडे, कॅशियरची ओळख तिकडे, त्याने रस्ता ओलांडून आमच्याकडे का यावे? पुढे धान्याच्या एका जुन्या आडत्याने आमच्याकडे खाते उघडले आणि त्या ओळखीच्या चेहऱ्यामागोमाग सारी आडत आली. शाखा नफ्यात यायला तीन वर्षे लागली.

खेळांच्या दुनियेतही मुलांची खाती अशीच जुन्या पेढ्यांवर असतात. मित्र तेथे, वर्षानुवर्षे जमविलेले पोशाख तेथे, मिळविलेला हुद्दा तेथे. हे सारे सोडून नव्या दारात यायचे, तर आत ओळखीचा अथवा ओढ लावणारा चेहरा हवा. ‘कॉन्कॉर्ड’कडे तो नव्हता. म्हणूनच पात्रांच्या रूपावर झालेली टीका, तिच्यातील अभद्र भाग वगळला, तर मला रास्त वाटते. हा प्रकार पात्रांवर चालतो. मुलगा आधी पात्राच्या प्रेमात पडतो, मग खेळाच्या. येथील सोळा जणांचे रंग एकमेकांत मिसळून जाणारे, वेश अवजड आणि चेहरे पाठ न होणारे होते. कारागिरी उत्तम, पण दर्शनी कपाटात ठेवावे असे त्यात काही नाही. पुढे ६ डिसेंबरला ‘मार्व्हल रायव्हल्स’ हा याच प्रकारचा खेळ आला. तो मोफत होता हे खरे, पण त्याची पात्रे पोरासोरांना चित्रपटांतून आधीच तोंडपाठ होती. तीन दिवसांत १ कोटी खेळाडू आले. त्या आकड्याने ‘या प्रकारच्या खेळांचा बाजार संपला’ हे ऑगस्टमधील तज्ज्ञांचे भाकीतही निकालात निघाले.

मात्र रास्त टीका आणि निर्भर्त्सना यांत फरक करायला हवा. कोणत्या पात्राची शरीरयष्टी कशी, वर्ण कोणता, स्त्रियांची रूपे आकर्षक का नाहीत, यावरून जे लिहिले-बोलले गेले, त्यातील पुष्कळसे वाचवत नाही. ते लिहिणाऱ्या बहुतेकांनी खेळ हातातही घेतला नव्हता. घेतला असता, तर तो आकडा ६९७ वर थांबला नसता! खर्चाच्या बाबतीतही तेच. चाळीस कोटी डॉलर बुडाल्याची वार्ता एका कार्यक्रमातून निघाली आणि तिकिटाच्या रांगेत अफवा फिरावी तशी जगभर फिरली. खेळनिर्मितीच्या क्षेत्रातील जाणकारांनी आणि वार्ताहरांनी ती अतिशयोक्त असल्याचे सांगितले, पण तोवर आकडा ‘सिद्ध’ झालेला होता. व्हाउचरशिवाय नोंद मान्य करायची नाही ही आमची शिस्त; तिच्याअभावी एखाद्याची पत कशी जाते, याचा हा नमुना.

या सगळ्या गदारोळात एक आक्षेप कोणीच घेतला नाही, आणि तो आमच्या घरात पहिल्याच दिवशी घेतला गेला. पडद्यावर गोळ्यांचा आवाज सुरू होताच माझी पत्नी उठून आतल्या खोलीत गेली. जाताना एवढेच म्हणाली, “मारण्याची मजा वाटावी, हेच मला पटत नाही.” संकल्पाने होणारी हिंसा ही आपल्याकडे सर्वांत वर्ज्य मानली आहे, आणि खेळात का होईना, नेम धरण्याचा संकल्प तर होतोच. नातवाचे उत्तर असे की, येथे रक्त दाखवत नाहीत आणि पडलेला खेळाडू पुन्हा उभा राहतो. हा वाद दोघांत आठवडाभर रंगला आणि अनिर्णीत राहिला. पण या कसोटीवर तोलायचे, तर त्याची यशस्वी भावंडेही त्याच पारड्यात बसतात. एकट्या ‘कॉन्कॉर्ड’ला त्यासाठी दोषी धरता येणार नाही.

माझ्या मते खऱ्या टीकेचे धनी ते आहेत, ज्यांनी हा प्रस्ताव मंजूर केला आणि मंजुरीनंतर डोळे मिटले. सोनीने २०२२ साली ठरविले की, मार्च २०२६ पर्यंत ‘लाइव्ह सर्व्हिस’ पद्धतीचे, म्हणजे वर्षानुवर्षे चालत राहून सतत उत्पन्न देणारे, बारा खेळ बाजारात आणायचे. त्याच वर्षी ३६० कोटी डॉलर मोजून बंजी विकत घेतली. एप्रिल २०२३ मध्ये फायरवॉक घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारांचे सहा केले. लक्ष्यांक आधी आणि माल मागून, ही बँकवाल्यांना चांगलीच परिचित असलेली गोष्ट आहे. मार्चअखेर इतके कोटी कर्जवाटप झाले पाहिजे असे परिपत्रक आले की, कशा-कशा प्रस्तावांवर सह्या होतात, हे कोणत्याही निवृत्त शाखाधिकाऱ्याला विचारावे.

फायरवॉक २०१८ साली सुरू झाली, तेव्हा ‘ओव्हरवॉच’ भरात होता आणि तो विकत घ्यावा लागत होता. त्या दिवशी हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मीही अनुकूल शेरा मारला असता. परंतु बांधकामाचे कर्ज आम्ही एकरकमी देत नसू. पाया झाला की पाहणी, छत पडले की पाहणी, मगच पुढचा हप्ता. २०२० साली ‘व्हॅलोरंट’ फुकट आला, २०२२ साली ‘ओव्हरवॉच’ स्वतःच फुकट झाला; या प्रत्येक वळणावर कोणीतरी पाहणीला जायला हवे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीचे अध्यक्ष हिरोकी तोतोकी यांनी गुंतवणूकदारांसमोर जवळपास हेच सांगितले. खेळाडूंकडून चाचणी आणि अंतर्गत मूल्यमापन हे टप्पे अधिक आधी यायला हवेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वाचून मला समाधान वाटले, पण ते वेळेवर सुचले असते तर बेलव्ह्यूतील शंभराहून अधिक माणसांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या. नेमबाजीची सफाई ज्यांच्या हातची होती, ती हीच माणसे. ज्यांच्या कामाला परीक्षकांनी दाद दिली ती घरी गेली. बारा खेळांचे लक्ष्य ठरविणाऱ्यांच्या नावे मात्र एकही थट्टा माझ्या वाचनात आली नाही.

पैसे परत करण्याविषयी मात्र सोनीला श्रेय द्यावेच लागेल. स्वतःच्या दुकानातून विकलेलेच नव्हे, तर ‘स्टीम’सारख्या दुसऱ्याच्या बाजारातून गेलेले नगही परताव्यास पात्र ठरविले. अर्ज, पुरावा, कारण अशी कोणतीही खळखळ न करता नातवाच्या खात्यात ४० डॉलर जमा झाले. आमच्या पिढीतील सचोटीच्या पेढ्यांनी असेच केले असते.

पण चौदा दिवसांत दुकान मोडणे हा वेगळा निर्णय आहे आणि तो मला घाईचा वाटतो. ‘फायनल फँटसी १४’ हा जपानी खेळ २०१० साली असाच सपशेल पडला होता. त्याच्या मालकांनी तो दोन वर्षे दुरुस्त करीत चालविला, २०१२ च्या नोव्हेंबरात बंद केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने मांडला. आज तो त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमुख खांबांपैकी एक आहे. ‘कॉन्कॉर्ड’ मागे घेताना गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचण्याचे अन्य मार्ग तपासू असे म्हटले होते. ऑक्टोबरात कारखानाच बंद झाल्यावर तपासणार कोण? माझ्या त्या शाखेला मुख्य कार्यालयाने तीन वर्षे दिली होती, आणि तिच्यात काही सोनीएवढे भांडवल नव्हते.

डिसेंबर २०२४ मध्ये अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर निरनिराळ्या खेळांवर आधारलेल्या लघुकथांची ‘सिक्रेट लेव्हल’ ही मालिका आली. तिच्यात ‘कॉन्कॉर्ड’चाही एक भाग आहे, तो खेळ चालू असतानाच तयार होत होता आणि खेळ गेल्यावर प्रदर्शित झाला. त्या वेळी आम्ही पुण्याला परतलो होतो. नातवाने दुवा पाठविला, तसा तो भाग मी एकट्याने पाहिला. सुमारे पंधरा मिनिटांची गोष्ट, एका यानाची आणि त्यावरील चार-सहा उडाणटप्पू खलाशांची. या पात्रांची ओळख असली, तर ती अशीच आधी करून द्यायला हवी होती, असे मी त्याला कळविले. त्याचे उत्तर आले, “आजोबा, यंत्रमानव दिसला का?”